पालीला दर्जा मिळाला, पालीवर लिहिणाऱ्याचे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाराष्ट्रात मराठीचा जल्लोष झाला, श्रेयाचे फलक लागले, आणि पालीचा उल्लेख बहुतेक ठिकाणी बातमीच्या शेवटी एका ओळीत उरकला गेला. पुढे दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, दिल्लीच्या विज्ञान भवनात आंतरराष्ट्रीय अभिधम्म दिवस साजरा झाला आणि पंतप्रधानांनी पालीचा गौरव केला. तथागतांची वाणी ज्या भाषेत जतन झाली तिचा देशाने गौरव करावा याचा आनंद आम्हालाही झाला. तो का नाकारायचा? परंतु वकिलाच्या सवयीने आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. दर्जा भाषेला मिळाला; त्या भाषेवर आणि तिच्या संस्कृतीवर जे आयुष्यभर लिहीत आले, आजही लिहीत आहेत, त्यांच्या पदरात काय पडले?

दर्जाची किंमत काय असते ते आकड्यांवरून कळते. संसदेत २०२० साली सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या तीन वर्षांत संस्कृतवर ६४३.८४ कोटी रुपये खर्च झाले. त्याच काळात तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि ओडिया या पाच अभिजात भाषांवर मिळून सुमारे २९ कोटी. त्यातही मल्याळम आणि ओडियाच्या वाट्याला शून्य. म्हणजे दर्जा सारखा, पण ताट वेगळे. पंगतीतला हा भेद आमच्या समाजाला नवा नाही. त्या पाच भाषांच्या पाठीशी निदान त्यांची त्यांची राज्ये आहेत, भांडणारे खासदार आहेत. पालीला राज्य नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत संस्कृत आहे, पाली नाही. याच अनुसूचीवर बोट ठेवून २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली साहित्य हा वैकल्पिक विषय काढून टाकण्यात आला. आमची कित्येक मुले पाली घेऊन त्या परीक्षेला बसत होती. अभिजात दर्जा मिळाला तरी तो विषय आजही परत आलेला नाही. एका हाताने हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने ताट ओढून घ्यायचे, याला गौरव म्हणत नाहीत.

दर्जाबरोबर अध्यासने येतील, केंद्रे येतील, पुरस्कार येतील. ती यावीत. पण ती कोणाला मिळतील? ज्याच्याजवळ पद आहे, पीएच.डी. आहे, विद्यापीठाचा शिक्का आहे त्याला. आणि महाराष्ट्रात पाली आणि बौद्ध संस्कृती घराघरात नेण्याचे काम कोणी केले? त्यातले फार मोठे काम शिक्का नसलेल्यांनी, पगार नसलेल्यांनी, हस्तलिखित पिशवीत घेऊन प्रकाशकाचे उंबरठे झिजवणाऱ्यांनी केले आहे. हल्ली अशा माणसाला मुक्त लेखक म्हणतात. हा मुक्त लेखक कशापासून मुक्त असतो? पगारापासून, भविष्य निर्वाह निधीपासून, आजारपणाच्या रजेपासून आणि निवृत्तिवेतनापासून मुक्त असतो!

यातले सर्वात मोठे नाव धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम. बुद्धाविषयी वाचले आणि १८९९ साली हा तरुण घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा फिरला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. तिथून नेपाळ, बोधगया आणि मग श्रीलंका. तिथल्या विद्योदय परिवेणात सुमंगल स्थविरांच्या हाताखाली पाली शिकला, श्रामणेर झाला, पुढे ब्रह्मदेशात गेला. १९०६ च्या सुमारास भारतात परतला तेव्हा या देशात पाली मुळातून जाणणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांपैकी हा एक, आणि त्याच्याकडे एकाही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते.

कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकवायला घेतले. पगार सुरू झाला. पण त्यांना महाराष्ट्रात यायचे होते, मराठीत लिहायचे होते. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात कोणत्याही गावी राहा. तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये मिळतील. बदल्यात वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कोसंबींनी कलकत्त्याचा पगार सोडला आणि हे पन्नास रुपये घेतले. बडोद्याला त्यांनी व्याख्याने दिली, त्यांतून १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले. मराठी वाचकाला बुद्ध मूळ पालीतून कळू लागला तो त्या पन्नास रुपयांमुळे.

या प्रस्तावाकडे आम्ही वकील म्हणून पाहतो तेव्हा त्याचे मोल कळते. यात रक्कम ठरलेली आहे. मुदत ठरलेली आहे. काम ठरलेले आहे. शाल नाही, श्रीफळ नाही, 'आपल्या कार्याचा गौरव' नाही. माणसाने एक वर्ष बसून लिहावे यासाठी एक वर्षाचे जेवण आहे. याच सयाजीरावांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तीही रीतसर करार लिहून. राजा असूनही कागद करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वूड्स यांच्या बोलावण्यावरून १९१० साली कोसंबी अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन त्यांच्याकडे आले. काम झाले, पण ग्रंथावर कोणाचे नाव कसे छापायचे यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी खटका उडाला आणि कोसंबी १९१२ साली परत आले. त्यानंतर त्या कामासाठी त्यांनी आणखी वाऱ्या केल्या, १९१८ मध्ये, १९२६ मध्ये, १९३१ मध्ये. हार्वर्डचा तो ग्रंथ अखेर छापून निघाला १९५० साली. कोसंबी १९४७ सालीच गेले होते. अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठातही पाली सगळ्यात जास्त जाणणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावासाठी भांडावे लागले. ज्याच्यामागे संस्था नाही त्याचे नाव पहिल्यांदा पुसले जाते.

मधल्या काळात ते फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकवत होते, गुजरात विद्यापीठात होते, १९२९ साली लेनिनग्राडला गेले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३७ साली परळच्या गिरणगावात 'बहुजन विहार' उभा राहिला तो त्यांच्यासाठी. पैसा बिर्लांचा आणि विचार गांधींच्या जवळचा, म्हणून आपल्यातले काही जण कोसंबींचे नाव निघाले की नाक मुरडतात. त्यांचे राजकारण आम्हालाही मान्य नाही. परंतु सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे, शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या वैरामुळे, ही मांडणी मराठीत 'भगवान बुद्ध' या ग्रंथात १९४०-४१ साली कोणी केली? कोसंबींनी. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या मुळाशी आहे. जन्माने ब्राह्मण म्हणून लेखकाला टाकायचे असेल तर मग आपण आणि ते यांत फरक काय राहिला?

एक गोष्ट मात्र त्यांच्या गौरवग्रंथांत फारशी येत नाही. ते घराबाहेर पडले तेव्हा पत्नी आणि तान्ही मुलगी गोव्यात राहिली. घर कोणी ओढले? मुक्त लेखनाचा खर्च घरातली बाई भरत असते. हे कोसंबींच्या घरी खरे होते आणि आज आमच्या वस्तीतल्या लेखकाच्या घरीही खरे आहे. त्याची बायको शाळेत शिकवते किंवा शिवणकाम करते, म्हणून त्याचे पुस्तक पूर्ण होते.

बाबासाहेबांचे काय झाले ते पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली अधिवेशन रद्द केले, तेव्हा तयार असलेले अध्यक्षीय भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती पंधराशे. त्या दोन महिन्यांत संपल्या. वीस वर्षांनी, घटना लिहून झाल्यावर, कायदामंत्रिपद भूषवून झाल्यावर, त्याच बाबासाहेबांना आपला शेवटचा ग्रंथ छापायला पैसे नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापायचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले, की बुद्ध जयंतीच्या वर्षात ग्रंथालयांना आणि पाहुण्यांना देण्यासाठी सरकारने सुमारे पाचशे प्रती विकत घ्याव्यात. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, इतक्या प्रती घेणे जमेल असे वाटत नाही, पत्र डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवत आहे. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीचा उत्सव सरकारी खर्चाने झाला आणि त्यात बाबासाहेबांच्या बुद्धावरच्या ग्रंथासाठी रक्कम शिल्लक नव्हती. ग्रंथ १९५७ साली निघाला. तो हातात घ्यायला बाबासाहेब नव्हते. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश आणि पाली व्याकरण तर महाराष्ट्र शासनाच्या सोळाव्या खंडातून १९९८ साली बाहेर आले, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर ४२ वर्षांनी.

हा झाला इतिहास. त्यात सरकारला बोल लावणे सोपे आहे आणि आम्ही तो लावला आहे. आता थोडे घरात पाहू. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे पुस्तकांचे स्टॉल लागतात, तसा वाचकांचा मेळा या देशात दुसरीकडे क्वचितच असेल. पोटाला चिमटा घेऊन माणसे पुस्तके घेऊन जातात. त्या स्टॉलवरची पुस्तके पाहा. लेण्यांवरची, बोलीभाषेवरची, जलशांवरची, पाली शिकवणारी, गावाच्या नावांत बुद्ध शोधणारी. ही लिहिणारे बहुतेक मुक्त लेखक आहेत. कागदवाल्याला पैसे मिळाले, छापणाऱ्याला मिळाले, बाइंडिंगवाल्याला मिळाले, टेम्पोवाल्याला आणि मंडपवाल्यालाही मिळाले. लेखकाला? 'सर, हे धम्मदान आहे,' असे त्याला सांगितले जाते, आणि पन्नास प्रती देऊन बोळवण होते. त्या प्रती तो स्वतःच खांद्यावर घेऊन विकतो.

धम्मदान श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण दान देणाऱ्याने आपल्या इच्छेने द्यायचे असते; घेणाऱ्याने त्याच्या वतीने परस्पर जाहीर करायचे नसते. आता तर अख्खी पुस्तिका मोबाईलवर स्कॅन करून व्हॉट्सॲपवर फिरवली जाते आणि फिरवणारा स्वतःला धम्मसेवक समजतो. ज्याने ती दहा वर्षे लेणी पालथी घालून लिहिली त्याची दुसरी आवृत्ती त्यामुळे निघत नाही, हे त्याच्या गावीही नसते.

मागे आमच्या कार्यालयात असेच एक लेखक आले. वय साठीच्या पुढे. पाली स्वतःच शिकलेले, मराठी शब्दांची पाली मुळे शोधण्यात हयात गेलेली. त्यांच्या एका पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या होत्या. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरून त्यांचे नाव गेले होते आणि तिथे प्रकाशकाचे नाव 'संपादक' म्हणून आले होते. प्रकाशक आपल्याच चळवळीतला. करारनामा? नव्हता. पावती? नव्हती. आम्ही पैशाचा हिशेब विचारू लागलो तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, पैशाचं राहू द्या. नाव तेवढं परत लावून द्या. नातवंडं विचारतात." नोटीस पाठवू म्हटल्यावर मात्र ते कचरले. समाजात फूट पडेल, लोक काय म्हणतील. आम्ही त्यांना म्हटले, फूट पाडली ती नाव काढणाऱ्याने. नोटीस फक्त ती दाखवते.

करारनामा नव्हता म्हणून ते हताश होते. खरे तर कायद्याने तीच त्यांची ताकद होती. हे आमच्या सर्व लेखकांनी नीट वाचावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे लिखाणाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर गोष्ट वेगळी. मुक्त लेखक कोणाच्या नोकरीत नसतो, सबब मालक तोच. कलम १९ सांगते की हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि लेखकाच्या सहीनेच देता येतो, आणि त्या कागदात मानधन किंवा रॉयल्टी किती हे लिहिलेले असले पाहिजे. तोंडी 'घ्या छापून' म्हटल्याने फार तर छापण्याची परवानगी मिळते, मालकी जात नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेऊन वर्षभर पुस्तक काढलेच नाही, तर कागदात वेगळे काही ठरले नसल्यास हक्क लेखकाकडे परत येतो. किती हस्तलिखिते प्रकाशकांच्या कपाटात वाळवी खात पडली आहेत! त्यांपैकी बहुतेकांचे मालक आजही लेखकच आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

आणि नावाचा हक्क तर त्याहून पक्का आहे. कलम ५७ म्हणते की सगळे हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. कृतीची मोडतोड करून त्याची अब्रू जाईल असे काही करता येत नाही. हे कलम कागदावरच राहिलेले नाही. ज्या विज्ञान भवनात अभिधम्म दिवस झाला, त्याच विज्ञान भवनाच्या भिंतीवर शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प होते. १९७९ साली सरकारने ते उतरवून गोदामात टाकले. सहगल न्यायालयात गेले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने भारत सरकारविरुद्ध निकाल देऊन पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष त्यांना द्यायला लावले. सरकारला जे करता येत नाही ते एका प्रकाशकाला कसे करता येईल? आमच्या त्या पक्षकाराचे नाव एका नोटिशीतच मुखपृष्ठावर परत आले. हिशेबाचे बोलणे अजून चालू आहे.

हार्वर्डमध्ये कोसंबींच्या हाती असे काही नव्हते. आजच्या लेखकाच्या हाती आहे, आणि तो ते वापरत नाही, कारण 'आपल्या माणसाकडे' कागद मागणे त्याला अविश्वास वाटतो. वास्तविक कागद हा अविश्वास नव्हे. ज्या बाबासाहेबांनी आम्हाला सगळे हक्क लिहून दिले, त्यांच्या अनुयायांना लेखी गोष्टीचे वावडे का असावे?

शासनाकडे आमचे मागणे एवढेच आहे. राज्यात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, ती २०२४ पासून महिना ५,००० रुपयांवर गेली. चांगले झाले. पण ते उतारवयातले, हलाखी सिद्ध केल्यावर मिळणारे मानधन आहे. लेखकाला लिहिते असताना मदत लागते, थकल्यावर फक्त औषध लागते. अभिजात दर्जामुळे मराठीसाठी आणि पालीसाठी जो पैसा येईल त्यातला ठरावीक हिस्सा पद नसलेल्या, विद्यापीठाबाहेरच्या लेखकांसाठी बाजूला काढावा. तीन वर्षे, वर्षाला एक पुस्तक, जगता येईल एवढी मासिक रक्कम, आणि पुस्तकाचा हक्क लेखकाचाच. निवडीला पदवीची अट नको, मागचे लिखाण पाहा. पदवीची अट घातली असती तर सयाजीरावांच्या दारातून कोसंबी परत गेले असते. आणि निवड समितीवर कोण बसणार हे आधी जाहीर करा, कारण संस्कृतचे पंडित पालीचे परीक्षक म्हणून बसवण्याची या राज्याला जुनी खोड आहे. जी पुस्तके होतील ती सार्वजनिक ग्रंथालयांनी विकत घ्यावीत. १९५६ साली पाचशे प्रती मागितल्या होत्या. त्या मागणीची थकबाकी अजून या देशावर आहे.

मराठीच्या नावाने लढणाऱ्या पक्षांकडून यासाठी आवाज उठेल असे आम्हाला वाटत नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला तेव्हा रान उठले आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. ते योग्यच झाले. पण मराठीत लिहून पोट भरू पाहणाऱ्या माणसासाठी एकही मोर्चा निघालेला आमच्या पाहण्यात नाही. पाटीवरची मराठी वाचवणे सोपे असते. पालीसाठी तर पाटीही नाही. तेव्हा हा विषय आपल्या आमदार-खासदारांपुढे आपल्यालाच न्यावा लागेल, आणि आठव्या अनुसूचीचा व लोकसेवा आयोगाचा प्रश्न त्याच निवेदनात घालावा लागेल.

प्रकाशक बांधवांशी आम्ही भांडायला निघालेलो नाही. त्यांतले बरेच जण स्वतःच कर्ज काढून पुस्तके छापतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. नसेल देता येत तर शंभर टक्के नका देऊ. विकलेल्या प्रतीमागे दहा टक्के लिहा, पाच लिहा, पण लिहा, आणि वर्षातून एकदा किती प्रती छापल्या, किती विकल्या हे लेखकाला कळवा. ज्याला खरोखर धम्मदान करायचे आहे त्या लेखकाने तेही लेखी द्यावे, म्हणजे पुढे त्याच्या वारसांना प्रश्न पडणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क घरात राहतो, हे फार थोड्या कुटुंबांना माहीत आहे.

अशा कराराचा दोन पानी मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. कोणाही लेखकाला, प्रकाशकाला तो विनाशुल्क मिळेल. येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर त्याच्या प्रती ठेवणार आहोत. येताना लेखकांनी आपली छापलेली पुस्तके आणि प्रकाशकांशी झालेला जो काही पत्रव्यवहार असेल तो सोबत आणावा, मोबाईलवरचे संदेशही चालतील, ते पुसून टाकू नयेत.